भिंतीवरचं उलटं जहाज

कमांडरांना माघारी सगळे शंकासुर म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त त्यांच्या बायकोची. तीसुद्धा भांडताना नव्हे, चहा पुढे करताना. "घ्या, शंकासुर. साखर घातलीय म्हणते मी, तुम्ही खात्री करा." आणि ते खरोखरच एक घोट घेऊन आधी खात्री करत, मग कप खाली ठेवत.

संशय हा काही चारचौघांत मिरवायचा गुण नव्हे. संशयाने भलेभले संसार मोडले आहेत. पण या माणसाचं घर संशयावर उभं राहिलं, मुलगी संशयावर शिकली, बंदराकडे तोंड असलेली तिसऱ्या मजल्यावरची ही जागा संशयाच्या पगारातून घेतली गेली. त्यामुळे बाईंनी कधी तक्रार केली नाही. बाई म्हणजे कमांडरांची बायको. जिन्यातली मंडळी त्यांना कमांडरीणबाई म्हणत, आणि बाई वरवर "काहीतरीच" म्हणत असल्या तरी त्यांना ते मनातून आवडायचं.

कमांडर नौदलात शिरले तेव्हा त्यांना धड मिसरूडही फुटलं नव्हतं. पहिल्या जहाजावर काम मिळालं ते नकाशावर जहाजाची जागा पेन्सिलीने टिपायचं. यांनी तारे मोजावेत, किनारा मोजावा, जीव ओतून टिंब ठेवावं. आणि मागून एका थकलेल्या मिशांच्या वरिष्ठाने यावं, ते टिंब रबराने पुसावं, सगळं स्वतः मोजावं आणि पुन्हा तिथेच टिंब ठेवावं. हे रोजचंच. तरुण रक्त ते, किती दिवस गिळणार? एकदा विचारलंच, "साहेब, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" साहेब रबराचा चुरा फुंकत म्हणाला, "तुझ्यावर आहे रे बाळा. तुझ्या टिंबावर नाही." या एका वाक्यावर कमांडरांनी पुढची सगळी नोकरी काढली. साहेब गेला, मिशा गेल्या, रबर मात्र यांच्या हातात आलं.

मग एका वर्षी नौदलाने त्यांना पार उत्तरेला, बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजावर शिकायला धाडलं. बाईंचं तेव्हा नवं लग्न. नवरा परत आला तो ओठ फुटलेला, नाकाचं साल निघालेला, आणि ग्लासातल्या पाण्याकडेसुद्धा क्षणभर रोखून बघून मग ते तोंडाला लावणारा. "असं आहे तरी काय हो त्या बर्फात?" बाईंनी विचारलं. तेव्हा जेवणाच्या टेबलावर मीठ सांडून त्यांनी बायकोला बर्फ समजावला.

"हा नवा बर्फ. ह्याच हिवाळ्यात गोठलेला. खारट असतो, कच्चा असतो, जहाज त्याला चुरत जातं. आणि त्यातच मधे कुठेतरी जुना बर्फ दडलेला असतो. कितीतरी उन्हाळे काढलेला. त्यातलं मीठ निथळून गेलेलं असतं. वितळवून प्यायलीस तर गोड लागेल, पण आपटलीस तर पोलाद फाडेल. आणि वरून ताजं हिम पडलं की दोघंही सारखेच पांढरे."

"मग ओळखायचं कसं?"

"कडा बघायच्या. जुन्याच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. रंग जरासा निळा मारतो. नजर पाहिजे."

"आणि लांबचं? जिथे नजरच पोचत नाही?"

कमांडर खुलले. "तिथे समोर बघायचंच नाही. वर बघायचं. ढगांच्या पोटावर काळपट डाग दिसला की समजायचं, त्याच्याखाली मोकळं पाणी आहे. पांढरी झाक दिसली तर बर्फ. जे लपलंय त्याच्याकडे टक लावून काही मिळत नाही गं. त्याच्या आसपासचं बघायचं. आसपासचं बरोबर चुगली करतं."

बाईंनी मीठ पुसून घेतलं आणि ही गोष्ट डोक्यात ठेवली. त्या स्वतः कापडाच्या गिरणीत तपासणीला होत्या. उजेड पाडलेल्या टेबलावरून दिवसभर कापड सरकायचं, आणि बाईंनी सुटलेला धागा, पडलेली गाठ पकडून तिथे खडूने खूण करायची. म्हणजे तिथेही पगार संशयाचाच. असली दोन माणसं एका छपराखाली. नातेवाईकांना वाटलं, चार दिवस टिकायचं नाही. पण टिकलं. मुलगी मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, बाई गिरणीतून निवृत्त झाल्या, तरी टिकलं.

कमांडर निवृत्त झाले तेव्हा नौदलाने निरोपाचं घड्याळ दिलं. ते भिंतीला लावायच्या आत मालवाहू जहाजांच्या कंपनीचा माणूस दारात उभा. उत्तरेच्या बर्फापलीकडे खाणी आहेत. तिथल्या वस्तीला उन्हाळ्यातल्या थोडक्या दिवसांत वर्षभराचं सामान पोचवावं लागतं. जहाजाला कप्तान असतो, खलाशी असतात, यंत्रं असतात, पण बर्फ ओळखणारा एक जाणता माणूस सोबत असल्याशिवाय विमावाले जहाजाला हात लावत नाहीत. बर्फाचा वाटाड्या म्हणा ना. वाटाड्याने सुकाणूला शिवायचं नाही. सुकाणूच्या खोलीत डाव्या खिडकीशी उभं राहायचं, बघायचं आणि बोलायचं. "जरा डावीकडे. हळू. ती वाट नको." ऐकायचं की नाही ते कप्तानाने ठरवायचं. पण शंकासुराने नको म्हटल्यावर हो म्हणणारा कप्तान अजून जन्माला यायचा होता. समोर सरळ मोकळी वाट दिसली आणि सगळे खूश झाले की कमांडर हमखास जहाज थांबवायला सांगत. "एवढी आयती वाट आपल्यासाठी कुणी करून ठेवली, ते आधी बघू." आणि बरेचदा ती वाट बघता बघता दोन्ही बाजूंनी मिटत यायची. मग खलाशी न सांगता कॉफी आणून द्यायचे.

घरातही कायदा जहाजाचाच. वस्तू जागेवर नसेल तर लाटेच्या हिसक्यात ती डोक्यात पडते, हे कमांडरांचं म्हणणं. मग घर तिसऱ्या मजल्यावर का असेना. कात्री डाव्या खणात. किल्ल्या दारामागच्या वरच्या खिळ्यावर. साखर उजवीकडे, मीठ डावीकडे, मधे चहाची पूड. जेवायला दोघं समोरासमोर, खुर्च्या ठरलेल्या. मुलगी लहानपणी म्हणायची, "आपल्याकडे दिवे गेले तरी मेणबत्ती लागत नाही." येणाऱ्याजाणाऱ्याला या टापटिपीचं कौतुक. बाईंनी हा कायदा वर्षानुवर्षं इमानाने पाळला, आणि त्याच कायद्याने शेवटी त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली.

मागच्या हंगामाहून परत आल्यापासून कमांडर बाईंच्या नजरेला नजर देईनासे झाले. बाई समोर बसून बोलत असल्या की ते त्यांच्या कानाकडे बघत, नाहीतर खांद्यावरून पलीकडे, कॅलेंडरकडे.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय की." नजर कॅलेंडरवरच.

जन्मभर समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्याची भंबेरी उडवणारा माणूस हा. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आणि बायकोच्या मनात पहिली पाल कुठली चुकचुकते ते काय सांगायला हवं? कुठल्यातरी बंदरात कोणीतरी आहे. बाईंनी कोटाचे खिसे उलथेपालथे केले. निघाली खोकल्याची गोळी आणि सुतळीचा तुकडा. हायसं वाटायचं सोडून बाईंना जास्तच राग आला. एवढं लपवणारा माणूस खिशात थोडंच ठेवणार?

मुलीला फोन केला. मुलगी हसतच सुटली. "आई, बाबा? या वयात? अगं, ते स्वतःच तिच्यावर संशय घेऊन तिला पळवून लावतील."

"हसतेस काय? कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की."

"तू पण आता शंकासुर झालीस. जोडीने शोभता."

फोन ठेवल्यावर बाईंना टेबलावर सांडलेलं ते मीठ आठवलं. त्यांनी नवऱ्याकडे बघणं सोडलं आणि त्याच्या आसपासचं बघायला सुरुवात केली.

आसपासच्याने बरोबर चुगली केली. वर्तमानपत्र रोज उघडलं जायचं, पण चष्म्याच्या डबीवर धूळ. "तूच वाच गं, तुझा आवाज बरा वाटतो कानाला," हे नवीन होतं. इतक्या वर्षांत तो आवाज कधी बरा वाटल्याचं ऐकिवात नव्हतं. हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा राहून जायचा. चहा ओतताना बोटाचं टोक कपाच्या आत. जिन्यात शेजारी भेटला तर तो बोलेपर्यंत कमांडर गप्प, आवाज आला की मग एकदम मोकळं हसू. आणि ते स्टूल. माळा झाडायला घेतलेलं स्टूल एकदा बैठकीच्या मधोमध राहिलं. कमांडर त्याला अडखळले आणि घर डोक्यावर घेतलं. ओरडणं जुनंच होतं, पण या वेळी त्या आवाजाच्या तळाशी भीती होती. कमांडरांचा घाबरलेला आवाज बाईंनी आजवर ऐकलेला नव्हता.

बाईंनी ते स्टूल उचलून कोपऱ्यात सरकवलं. दुसऱ्या बाईचं भूत केव्हाच उतरलं. आता वाटायला लागलं, ते भूत परवडलं असतं.

पण मग डॉक्टर? हंगामाआधी कमांडरांची दरवर्षी तपासणी व्हायची. यंदाही झाली, आणि घरात पाऊल टाकता टाकता, कुणी विचारलेलं नसताना ते म्हणाले, "डोळे एकदम फर्स्ट क्लास. घारीची नजर म्हणाले डॉक्टर." न विचारता आलेल्या उत्तरावर बाईंचा गिरणीपासून विश्वास नव्हता. त्या विचार करत राहिल्या. डॉक्टर म्हणजे कमांडरांचे जुने दोस्त. दवाखान्याच्या भिंतीवर कोपरे पिवळे पडलेला अक्षरांचा तोच तक्ता, बाई लग्न होऊन आल्या तेव्हाचा. सोबत जाऊन जाऊन त्याच्या वरच्या ओळी बाईंनाच पाठ झाल्या होत्या. मग ज्याने जन्मभर दीपस्तंभांच्या याद्या घोकल्या त्याला तळाची ओळ पाठ असायला काय झालं?

दुसरी एखादी म्हणाली असती, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडा? पण बाईंच्या डोळ्यांसमोरून ते जहाज हलेना. वीसएक माणसं असतात त्याच्यावर, कुणाकुणाची पोरं. शंकासुर चला म्हणाले की ती सगळी डोळे झाकून पुढे जातात. आणि त्या पाण्यात पडलेल्या माणसाला फार वेळ मिळत नाही, हे कमांडरांनीच सांगितलेलं. दुसरीकडे हेही खरं की बर्फ सुटला तर या माणसाने सकाळी उठून करायचं काय? आणि आपला संशयच खोटा निघाला तर? घरच्याच माणसाने आळ घेतला हे ते विसरणार नाहीत, आणि विसरूही नये. बाईंना खात्री हवी होती, आणि लवकर हवी होती. रविवारी दुपारी कंपनीचा मॅनेजर नव्या हंगामाचा करार घेऊन येणार होता.

बैठकीत निरोपाच्या घड्याळाशेजारी एक फोटो होता. बर्फात उभं असलेलं जहाज, कमांडरांच्या पहिल्या वाटाड्या-हंगामातलं. दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की कमांडर मऊ फडक्याने तो पुसत आणि जरा वेळ समोर उभे राहत. देवापुढेसुद्धा माणूस इतका वेळ उभा राहत नाही, असं बाई म्हणायच्या.

त्या रविवारी कमांडर आंघोळीला गेल्यावर बाईंनी चौकट उतरवली, मागची पट्टी काढली, आतला फोटो उलटा फिरवला आणि चौकट होती तशी टांगली. आभाळ खाली आलं, बर्फ वर गेला, जहाज डोकं खाली करून लोंबायला लागलं. लहान पोरानेही बोट दाखवून हसावं असं ते दिसत होतं. बाई ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मनात म्हणत राहिल्या, देवा, ओरडू दे त्यांना. काय वाट्टेल ते बोलू दे. मी म्हणेन, साफ करताना उलटा बसला, चुकलं. आणि पुन्हा जन्मात संशय घेणार नाही.

कमांडर आले. खणातून फडकं काढलं. चौकटीच्या चारही कडा पुसल्या, मग काच पुसली, गोल गोल, मन लावून. एक पाऊल मागे सरकून उभे राहिले.

"काय जहाज होतं," ते म्हणाले.

बाईंच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकलं. त्यांना रडायलाही फुरसत मिळाली नाही, कारण तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मॅनेजर दुपारचा यायचा तो सकाळीच उगवला होता. दुपारी दुसरं काम निघालं, माफ करा, म्हणत आत आला. तरुण होता, बूट चकचकीत, बोलणं तुपात घोळलेलं. बाई फोटोकडे धावणार, पण कमांडर आधीच त्याला खांद्याला धरून भिंतीपाशी घेऊन गेले.

"हे बघा. तुमच्या कंपनीचं पहिलं जहाज माझ्या हाताखालून गेलं ते हे. ही डावी खिडकी. इथे मी उभा असायचो." त्यांचं बोट काचेवर टेकलं. बोटाखाली नुसता बर्फ होता.

मॅनेजरने फोटोकडे बघितलं. मान थोडी तिरकी केली, आणखी तिरकी केली. मग कमांडरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग ओट्याशी उभ्या असलेल्या बाईंकडे. बाईंना वाटलं, आता हा बोलणार. मॅनेजरने नजर खाली आपल्या बुटांकडे नेली.

"फार सुंदर फोटो आहे, सर," तो म्हणाला.

चहा झाला. मॅनेजरने करार टेबलावर ठेवला. "फुली केलीय तिथे सही, सर. वाचायचं काय त्यात, मागच्या वर्षीचाच आहे."

"न वाचता मी बापाच्या कागदावर पण सही करत नाही," कमांडर म्हणाले. जुना शंकासुर तेवढा जागा होता. "ठेवून जा. उद्या माणूस पाठवा."

बाई त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या आणि दार अर्धं ओढून घेत हळूच म्हणाल्या, "फोटो बघितलात ना तुम्ही?"

तो क्षणभर थांबला. "बाई, सर म्हणजे सर आहेत. त्यांनी नुसतं खिडकीशी उभं राहिलं तरी आमचं काम होतं. कप्तान आहे, यंत्रं आहेत. विमावाल्यांना सरांचं नाव लागतं. तुम्ही कशाला काळजी करता?" आणि तो जिना उतरून गेला, भराभर.

आत कमांडर आपल्या खुर्चीवर बसले होते. बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"अहो, माझ्याकडे बघा."

"बघतोय." नजर कॅलेंडरवर.

"माझ्याकडे बघा म्हणते ना!"

"तुझ्याकडेच बघतोय गं." कमांडरांचा आवाज एकदम थकला. "सरळ बघितलं की तू दिसतच नाहीस. मधोमध धुक्याचा गोळा असतो, आणि तू त्या गोळ्यात. नजर बाजूला नेली की कडेकडेने येतेस. कानाकडे बघितलं की तोंड जरा कळतं."

इतके महिने ज्या नजरेवर बाई जळत होत्या, जिच्यापायी कोटाचे खिसे उलटे केले, ती नजर त्यांनाच शोधत होती. त्यांना लाज वाटली, राग आला, आणि या माणसाची इतकी माया दाटून आली की टेबलाची कड हाताने घट्ट धरावी लागली. पण बाई गिरणीतल्या होत्या. कापड कितीही आवडलं तरी गाठ दिसली की खडू लावायचाच.

"मग जाणार कसे?"

"बर्फाचं वेगळं आहे. आभाळ मला दिसतं. उजेड कळतो, काळोख कळतो. बाकी इतक्या वर्षांचा सराव. मागच्या हंगामात कुणाला काही कळलं?"

"कळलं नाही, पण झालं काय ते सांगा."

कमांडरांनी टेबलावरचा करार चाचपून बाजूला सारला. मग म्हणाले, "एक धक्का बसला. मला सगळं एकसारखं पांढरं दिसत होतं. नवा आहे, चला, म्हणालो. जुना निघाला. डाव्या अंगाचा पत्रा दबला. फाटला नाही."

"कप्तान काय म्हणाला?"

"म्हणाला, असं कुणाचंही होतं, सर. वरून रंग मारून घेतला."

"तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

"मला कोण विचारणार?" ते बोलून गेले, आणि बोलल्यावर स्वतःच थबकले.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो," बाई म्हणाल्या, "पण काळ सोकावतो. आणि आता ऐका. आज सकाळी मी तुमच्या जहाजाचा फोटो चौकटीत उलटा बसवला. तुम्ही पुसलात तेव्हा तो उलटा होता. त्या पोराला दाखवलात तेव्हाही उलटा होता. अजून आहे."

कमांडरांचा चेहरा पांढरा पडला. ते रागावतील असं बाईंना वाटलं होतं. ते म्हणाले, "त्याने बघितलं?"

"मान वाकडी करकरून बघितलं."

"आणि म्हणाला, फार सुंदर फोटो आहे."

"हो. दारात मला म्हणाला, सरांनी नुसतं उभं राहिलं तरी पुरे. नाव लागतं."

बाईंनी इतक्या वर्षांत कमांडरांना पुष्कळ वेळा संशय घेताना पाहिलं होतं. भुवया जवळ यायच्या, खालचा ओठ आत जायचा. आता तसंच झालं. पण संशय मॅनेजरवरून निघून हळूहळू घरी आला. आपण चला म्हणतो, सगळे चालतात. डॉक्टर तक्त्यावर बोट ठेवतो आणि मान डोलावतो. कप्तान रंग मारतो. खलाशी कॉफी आणतात. इतकी आयती, इतकी सरळ, इतकी मोकळी वाट.

"माझं टिंब कुणी पुसतच नव्हतं," ते म्हणाले.

"मी पुसतेय की," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर विश्वास आहे हो माझा. तुमच्या टिंबावर नाही."

कमांडर उठले. किती पावलांवर फोन आहे ते पायांना माहीत होतं. बोटांनी आकडे चाचपून त्यांनी नंबर लावला. मॅनेजर अजून रस्त्यातच असावा.

"करार परत पाठवतोय. सही नाही... नाही, प्रकृती उत्तम आहे. डोळे गेलेत. तुम्ही बघितलंत की सकाळी." पलीकडून बरंच बोलणं आलं. कमांडरांनी ते होऊ दिलं. "ऐका आता. मागच्या हंगामात डाव्या अंगाला धक्का बसला तो माझ्यामुळे. नुसता रंग मारून चालणार नाही, गोदीत चढवा आणि आतून पत्रा तपासा. त्याशिवाय जहाज सोडलंत तर विमावाल्यांना मी स्वतः फोन करेन. आणि माझ्या जागी ज्याला घ्याल त्याला सांगा, त्याच्या पाठीशी उभं राहून पुन्हा बघणारा एक माणूस ठेव म्हणावं. राग येईल त्याला. येऊ दे."

फोन ठेवला. हात फोनवरच राहिला. एवढ्या मोठ्या माणसाचे खांदे असे एकदम उतरलेले बघून बाईंना वाटलं, आपण हे काय करून बसलो.

जेवायची वेळ झाली. बाईंनी ताटल्या मांडल्या. मग आपली खुर्ची उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, कमांडरांच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली. या घरात एखादी वस्तू कायमची जागेवरून हलण्याची ही पहिलीच वेळ होती.

कमांडरांनी आवाज ऐकला. "खुर्ची हलवलीस."

"हलवली. आता तुम्ही सरळ समोर बघा, भिंतीकडे." बाई बसल्या. "मी दिसते का?"

कमांडरांनी मान सरळ केली आणि समोरच्या मोकळ्या भिंतीकडे बघितलं.

"दिसतेस," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे रोखून बघितलं. "स्वेटर कुठल्या रंगाचा आहे?"

"निळा."

"हिरवा आहे."

"मग रंग नाही कळत," कमांडर म्हणाले. "रडतेयस ते कळतंय."